साडेआठ तासांची बोट

बाईंचा हात आधी यायचा, प्रश्न नंतर. वहीत चूक दिसली की त्या काही बोलायच्या आत सागवानी पट्टी मनगटावर बसलेली असायची. मग चष्मा नीट करत त्या शांतपणे विचारायच्या, "आता सांग, हे उणे कुठून आलं?" इंदूरच्या छत्रीबागेत त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही बारा-चौदा मुलं-मुली सतरंजीवर बसून गणित शिकत होतो. पट्टीच्या आवाजावरून गल्लीनं त्यांचं नाव ठेवलं होतं सटाकबाई. आया मुलांना दम द्यायच्या, "जास्त मस्ती केलीस तर सटाकबाईकडे टाकीन हं." आणि खरंच टाकायच्या, कारण बाईंकडे गेलेलं मूल गणितात नापास झालेलं कुणी पाहिलं नव्हतं.

उंचीनं त्या जेमतेम पाच फूट. सुती साडी, घट्ट अंबाडा, पायात रबरी सपाता. मुलगी मेधा तीन वर्षांची असताना नवरा गेला. सकाळी मुलींच्या शाळेत नोकरी आणि संध्याकाळी दोन तुकड्यांची शिकवणी, असं त्यांनी घर चालवलं. त्यांचे वडील इथल्याच एका मिलमध्ये होते. "मला बाबांनी सतराचा पाढा कमरेच्या पट्ट्यानं शिकवला," असं त्या अभिमानानं सांगायच्या. "झोपेतून उठवून विचार. एक आकडा चुकणार नाही."

मारून झालं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य असायचं, "हात माझा, चूक तुझी." कुणी हुंदका दिला तर, "रडायचं नंतर. आधी उत्तर." आम्हाला मारताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नसायचा. आपण खोडरबर उचलतो तशी त्या पट्टी उचलत, आणि काम झालं की खाली ठेवत. त्यामुळे असेल, आम्ही घरी जाताना एकमेकांचे वळ मोजायचो आणि हसायचो. ज्याचे जास्त, तो त्या दिवशीचा हिरो.

मेधाचं मात्र तसं नव्हतं. मेधा म्हणजे बाईंची एकुलती एक मुलगी, माझ्याच वर्गातली, माझी मैत्रीण. तिला मारताना बाईंचा चेहरा बदलायचा. आम्हाला मनगटावर बसायची. तिला पाठीत, मांडीवर, तोंडावर, जिथे हात पोचेल तिथे. ती माझ्या शेजारी बसायची आणि बाई जवळ आल्या की तिचा श्वास थांबलेला मला कळायचा.

दहावीच्या सहामाहीत मला गणितात अठ्ठ्याऐंशी मिळाले आणि मेधाला एक्क्याऐंशी. बाईंनी सगळ्यांचे मार्क मोठ्यानं वाचून दाखवले. मेधाच्या नावाशी आल्या तेव्हा वही बंद केली, तिला उभं केलं आणि उघड्या पंजानं डाव्या कानशिलात मारलं. ती आडवी कोसळली. उठताना तिनं कानाला हात लावला आणि बोटं माझ्याकडे करून दाखवली. रक्त होतं. बाईंनीही ते पाहिलं. "ऊठ," त्या म्हणाल्या, "पुढचं उदाहरण फळ्यावर सोडव." मेधानं ते सोडवलं. बरोबर सोडवलं. फ्रॉकच्या खांद्यावर लाल डाग पसरत होता आणि आम्ही सगळे खाली मान घालून वहीत उतरवून घेत होतो.

कानाचा पडदा फाटला होता. पुढे त्यात पू झाला आणि त्या कानानं तिला ऐकू येणं बंद झालं. डॉक्टरांना सांगितलं गेलं की न्हाणीघरात पाय घसरला. माझ्या आईनं विचारलं तेव्हा मीही तेच सांगितलं, "पाय घसरला."

आता तुम्ही विचाराल, की अशा बाईबद्दल मी इतक्या मायेनं का लिहिते आहे. त्याचं कारण धारच्या वाटेवरच्या बेटम्याला आहे. मी अकरावीत असताना बाबा गेले आणि माझे मोठे काका आमचे कर्ते झाले. त्यांचं बेटम्याला खताचं दुकान होतं. बारावीची परीक्षा तीन महिन्यांवर असताना त्यांनी माझं लग्न तिथल्याच एका दुकानदाराच्या मुलाशी ठरवून टाकलं. आईनं रडून पाहिलं, मी जेवण सोडून पाहिलं. शेवटी मी शिकवणीला येणार नाही हे सांगायला बाईंकडे गेले. त्यांनी कारण विचारलं, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चल, चपला घाल."

आम्ही धारच्या बसनं बेटम्याला उतरलो. काका गल्ल्यावर बसले होते, चार गिऱ्हाइकं उभी होती. बाई सरळ गल्ल्यापाशी गेल्या. "पोरीची परीक्षा आहे. लग्न नाही होणार."

काका हसले. "बाईजी, तुम्ही मास्तरीण आहात. घरच्या मामल्यात नका पडू."

हसणं पुरं व्हायच्या आत सटकन आवाज झाला. काकांची टोपी तराजूत पडली. ते उठायला गेले तर दुसरी बसली. गिऱ्हाइकांपैकी एक जण पुढे आला, "ओ मॅडमजी, ये क्या कर रहे हो!" बाई त्याच्याकडे वळल्या तसा तो पोत्यामागे झाला. "ही बारावी देईल, मग कॉलेज करेल," बाई काकांना म्हणाल्या. "मध्ये आलात तर मी पुन्हा येईन. बस दर अर्ध्या तासाला आहे."

लग्न मोडलं. मी शिकले, आणि आज सराफ्याच्या तोंडाशी, एका सोनाराच्या दुकानावर माझं स्वतःचं ट्रॅव्हल ऑफिस आहे. ज्या हातानं मेधाचा कान फुटला, त्याच हातानं मला बेटम्यातून परत आणलं. या दोन गोष्टी माझ्या मनात कधी एकत्र नीट बसल्या नाहीत.

मेधा बाविसाव्या वर्षी घरातून गेली. आधी पुणे, मग अमेरिका, आणि शेवटी पार अलास्का. तिथे एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती काम करते. लग्न केलं नाही. एकोणीस वर्षं ती इंदूरला आली नाही. दिवाळीला आईला फोन करायची, तो चार मिनिटांच्या वर कधी गेला नाही.

तीन वर्षांपूर्वी बाईंना हृदयाचा सौम्य झटका आला. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी मेधाला पहिल्यांदा स्वतःहून फोन लावला. "मला तिकडे यायचं आहे." मेधा म्हणाली, ये, पंधरा दिवस. पण तिच्या ड्युट्या बारा-बारा तासांच्या होत्या. पंधरा दिवसांत सुट्टीचा दिवस एकच मिळणार होता. त्या दिवशी आईला बोटीवर नेईन, असं तिनं कळवलं. बोटीतून व्हेल दिसतात, हिमनदी दिसते, आलेला प्रत्येक पाहुणा तिथे जातोच. कुठली बोट घ्यायची ते शुभाच्या, म्हणजे माझ्या, ऑफिसात ठरव.

बाई डॉक्टरांची परवानगी पिशवीत घालून माझ्याकडे आल्या. त्र्याहत्तर वर्षांच्या, दोन जिने चढून, हातात शंभर पानी वही.

"चार तासांच्या बोटीत काय काय दाखवतात?"

"समुद्री ऑटर, म्हणजे पाणमांजरं, सील, गरुड. नशीब असेल तर एखादा व्हेल. खाडीतल्या खाडीत फिरवतात बाई, पाणी शांत असतं. तुम्हाला हीच बरी."

"आणि ही मोठी?"

"ती पूर्ण दिवसाची. साडेआठ तास. मोकळ्या समुद्रातून जाते, जिथे हिमनदी तुटून पाण्यात पडते तिथपर्यंत. पण बोट भयंकर उसळते. लोक उलट्या करून बेजार होतात. तुमच्या वयाला..."

"वयाचं मी विचारलं नाही."

त्यांनी वहीत दोन रकाने आखले आणि एकेक प्रश्न विचारू लागल्या. दोघींनाच बसता येईल असं बाक मिळतं का? बोट छोटी की मोठी? छोटी असेल तर नको, सगळे ऐकतात. इंजिनाचा आवाज किती? मला नवल वाटलं. "बाई, लोक मला व्हेलचं विचारतात. तुम्ही इंजिनाचं काय विचारून राहिल्या?"

"हिमनदीसमोर इंजिन बंद करतात?"

"हो. बर्फ तुटल्याचा आवाज ऐकू यावा म्हणून. थोडा वेळ करतात."

त्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या. "मग साडेआठ तासांचीच कर."

त्याच संध्याकाळी मेधाचा निरोप आला, तिच्याच आवाजातला. "शुभा, प्लीज, चार तासांची बुक कर. घरात मी उठून बाहेर जाऊ शकते. बोटीतून उतरून कुठे जाऊ?"

दोघींपैकी एकीला फसवणं मला सहज जमलं असतं. मोठी बोट भरली म्हटलं असतं तर काम भागलं असतं. पण बाईंना खोटं सांगायला माझी जीभ त्या वयातही उचलली नाही. दुसऱ्या दिवशी मी छत्रीबागेत गेले. बाई गिलकी चिरत होत्या. मेधाचं म्हणणं मी जसंच्या तसं सांगितलं. विळी थांबली.

"उतरून कुठे जाऊ, असं म्हणाली?"

"हो."

"बरोबर आहे तिचं." त्यांनी चिरलेल्या फोडी एका बाजूला केल्या. "शुभे, मला तिला एक गोष्ट सांगायची आहे. एकोणीस वर्षं मी दर दिवाळीला ठरवते आणि फोनवर विचारते, जेवलीस का? मला येत नाही गं ते. पहिले दोन तास मी तिला काहीतरी शिकवायला जाईन, सवयच तशी आहे. मग आम्ही भांडू. ते सगळं संपल्यावर काही उरलं, तर सांगेन. चार तासांत नाही बसत ते." मग म्हणाल्या, "तिला हे सांग. आणि तरी नाही म्हणाली, तर चारची कर. जबरदस्ती नाही."

मी ते सगळं मेधाला फोनवर सांगितलं. 

"जबरदस्ती नाही, असं ती स्वतः म्हणाली?"

"स्वतः."

"कर बुक," मेधा म्हणाली.

बोटीवर काय झालं ते मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं. बाईंनी परत आल्यावर, आणि मेधानं तुकड्या-तुकड्यानं फोनवर. दोन्ही हकिकती जुळतात, एक गोष्ट सोडली तर.

सकाळी बाकावर बसताना मेधानं अशी जागा घेतली, की तिचा डावा कान आईकडे राहील. इंजिनाच्या घरघरीत त्या बाजूनं तिला एक शब्द पोचत नव्हता. बाई दोन-तीनदा बोलल्या, उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांना समजलं. जागा बदल, असं त्या म्हणाल्या नाहीत.

खाडी संपली आणि लाटा सुरू झाल्या. कपारींच्या जवळ बोट हळू झाली. तीन-चार काळे, टोकदार पर पाण्यावर फिरत होते. शिकारी व्हेलचा कळप होता तो, आणि त्यांनी समुद्रसिंहाचं एक पिल्लू खडकापासून तोडून मधोमध धरलं होतं. ते त्याला गिळत नव्हते. शेपटीनं हवेत उडवत, खाली पडलं की पुन्हा उडवत. पिल्लू सुटून बोटीकडे यायचं, की एक जण खालून येऊन त्याला ओढून न्यायचा. हे बराच वेळ चाललं. माणसं आधी फोन धरून ओरडत होती, मग हळूहळू गप्प झाली. एक प्रवासी स्त्री आपल्या नवऱ्याच्या छातीत तोंड लपवून रडायला लागली. शेवटी पाणी लाल झालं, पक्षी तुटून पडले, आणि काही उरलं नाही.

बाई ते पाहायला उठून कठड्यापाशी गेल्या होत्या. मेधा ओरडली, "बस खाली!" त्यांनी ऐकलं नाही. तेवढ्यात लाटेनं बोट उचलून आपटली. बाई फेकल्या गेल्या आणि टेबलाच्या लोखंडी कोपऱ्यावर कपाळ आदळलं. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. मेधा धावली. तिनं आईला जॅकेटच्या कॉलरला धरून उभं केलं आणि किंचाळली, "बस म्हटलं होतं ना! एकदा सांगितलेलं कळत नाही?" आणि उघड्या पंजानं तोंडात मारली.

बाई म्हणायच्या, एक. मेधा म्हणते, दोन.

आजूबाजूची माणसं उभी राहिली. बोटीवरची एक कर्मचारी मुलगी औषधाची पेटी घेऊन पळत आली. तिनं मेधाला हातानं मागे सारलं आणि बाईंना विचारलं, तुम्ही सुरक्षित आहात ना, तुम्हाला दुसरीकडे बसवू का? बाईंनी एका हातानं रक्त पुसलं आणि आपल्या शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं, "शी इज माय डॉटर. आय टॉट हर."

त्या मुलीला काय समजलं कोण जाणे. मेधाला समजलं. ती मागच्या डेकवर गेली आणि आतडी बाहेर पडतील अशी ओकली. कपाळाला पट्टी बांधून बाई तिच्यामागे गेल्या. पाठीवर हात ठेवला, मेधानं झटकला. पुन्हा ठेवला, पुन्हा झटकला. मग बाई नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या, बर्फासारख्या वाऱ्यात, तासभर.

दुपारी बोट हिमनदीसमोर आली. बाई म्हणाल्या, "शुभे, आपल्या राजवाड्यावर राजवाडे ठेव, तेवढी उंच भिंत. निळी." इंजिन बंद झालं. आत कुठेतरी तोफ उडावी तसा आवाज झाला आणि इमारतीएवढा कडा सुटून पाण्यात कोसळला. लाट बोटीपर्यंत आली. लोक टाळ्या वाजवत होते. दोघी शेजारी उभ्या होत्या, मेधाचा डावा कान आईकडे. बाईंनी तेव्हाच ते म्हटलं. मेधा समोर पाहत राहिली. बाई तिच्यामागून वळसा घालून उजव्या बाजूला गेल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "तुझा कान मी फोडला. पाय घसरला नव्हता. तू चुकली नव्हतीस. मी चुकले."

"ऐकलं," मेधा म्हणाली. आणखी एक कडा पडला. मग ती म्हणाली, "इंजिन बंद आहे. पहिल्यांदाही ऐकू आलं होतं. मला पुन्हा ऐकायचं होतं."

बस, एवढंच. गळ्यात पडणं वगैरे काही नाही. परतीच्या वाटेवर मेधा झोपली आणि बाई जाग्या राहिल्या.

बाई परत आल्या तेव्हा भुवईवर टाक्यांची खूण होती. मी म्हटलं, "चला, एकदाचं मिटलं." त्या माझ्यावर उखडल्या. "काय मिटलं? एका थोबाडीत तिची या घरातली बावीस वर्षं वजा होत नाहीत. तेवढं गणित मला येतं." त्यानंतर फोन दिवाळीऐवजी महिन्याला येऊ लागले. कधी दहा मिनिटं चालायचे, कधी मेधा मध्येच ठेवून द्यायची. ठेवला तरी बाई पुन्हा लावत नसत. तिला वाटेल तेव्हा ती करेल, म्हणायच्या. गल्लीतली कुणी आई मुलाला घेऊन आली आणि "बाई, तुमच्या हाताखाली द्यायचा आहे" म्हणाली, तर दारातूनच परत पाठवायच्या.

यंदा होळीच्या आधी बाई गेल्या. झोपेतच, दुसऱ्या झटक्यानं. मेधा चौथ्या दिवशी पोचली, म्हणून अग्नी मी दिला. तिनं घरात पाऊल टाकलं आणि सगळ्यात आधी खुंटीवरचं बाईंचं जॅकेट उतरवून घडी करून ठेवलं. अलास्कात तिनंच घेऊन दिलेलं होतं ते.

तेराव्याला जुने विद्यार्थी आले. पुढची खोली भरून गेली. कुणी बँकेत, कुणी सी.ए., कुणी इंजिनिअर. सुरुवातीला सगळे हळू बोलत होते. मग कुणीतरी पट्टीची आठवण काढली आणि खोली एकदम मोकळी झाली. "मला तर एकदा लाटण्यानं!" "अरे, माझा तर चष्मा फुटला होता!" नितीन आमच्यातला सगळ्यात धिप्पाड, सराफ्यात त्याचं मोठं दुकान आहे. तो मांडीवर थाप मारून सांगत होता, "भिया, हम तो जो हैं ना, बाई की मार से हैं! वो सटाक, मेरे को आज भी सुनाई देती है!" हशा पिकला. मीही हसत होते. बेटम्याची गोष्ट मी रंगवून सांगितली, काकांची टोपी तराजूत पडली ते साभिनय सांगितलं.

मेधा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. किती वेळ, ते कुणाला माहीत नाही.

"हसू नका," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. खोली थांबली.

"आई या गोष्टीवर हसत नव्हती. मी चुकले असं माझ्यासमोर म्हणाली ती. ते म्हणायला तिला किती लागलं ते मी पाहिलंय. तुम्ही हसलात, तर तिनं ते उगाचच म्हटल्यासारखं होईल."

मी मान खाली घातली. माझ्या तोंडावर हसू तसंच राहिलं होतं आणि ते कसं पुसावं ते मला समजत नव्हतं. नितीननं हातातला कप जमिनीवर ठेवला. मग तो मोठा माणूस गुडघ्यावर पुढे सरकला आणि त्यानं उजवा हात मेधासमोर धरला. चार बोटं मिटली, करंगळी तशीच ताठ राहिली.

"ये मुड़ती नहीं, दीदी," तो म्हणाला. "आठवीं से."

आम्ही बत्तीस वर्षं एकमेकांना ओळखतो. ती करंगळी मी कधी पाहिली नव्हती.

मेधानं ट्रे खाली ठेवला, त्याच्यासमोर बसली आणि ते बोट आपल्या दोन बोटांत धरलं.

"दुखतं?"

"सर्दी में," नितीन म्हणाला. "बस, सर्दी में."